मस्टर आणि माणूस : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या नव्या विद्यार्थ्यासाठी प्रस्तावना

आखाजी जवळ आली की खानदेशातल्या गावांत सालदार ठरू लागतात. शेतमालक आणि सालदार ओट्यावर बसतात, मध्ये दोघांच्या ओळखीचा एक जाणता असतो आणि बोलणी सुरू होतात. वर्षाची रक्कम किती, त्यातली उचल आत्ता किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती, रात्री वीज आली तर पिकाला पाणी द्यायला जायचे की नाही, घरात लग्न निघाले तर सुट्टी किती, आजारपणाचे खाडे कापायचे की सोडायचे. कागद बहुधा होत नाही; मधला माणूस हाच कागद. पण कान देऊन ऐकले तर भरती, वेतन, आगाऊ रक्कम, रजा, कामाचे तास, कराराची मुदत आणि तंटा झालाच तर मध्यस्थ, असा आपल्या विषयाचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्या ओट्यावर मांडलेला असतो.

ही पद्धत गोड मुळीच नव्हती. उचलीत अडकलेल्या सालदाराला साल संपले तरी मोकळे होता येत नसे आणि मधला माणूस बहुतेक वेळा मालकाच्याच उठबशीतला असे. तरीही सुरुवात तिच्यापासून करावीशी वाटली, कारण आपली पाठ्यपुस्तके फ्रेडरिक टेलरचे स्टॉपवॉच आणि एल्टन मेयोचे हॉथॉर्नचे प्रयोग यांच्यापासून सुरू होतात. शिरपूर, चोपडा, साक्री इथून आलेल्या विद्यार्थ्याचा मग पहिल्याच आठवड्यात समज होतो की हे शास्त्र परक्या देशातल्या चकचकीत कार्यालयांचे आहे आणि आपल्याला ते इंग्रजी सफाईदार झाल्यावरच जमेल. त्याच्या घरात दोन पिढ्यांनी सालदार ठरवले असतील, किंवा दोन पिढ्या सालदार म्हणून ठरल्या असतील. दोन्ही बाजूंनी त्याला या विषयाची आतली माहिती असते. वर्गात तिचा उपयोग कोणी करून घेत नाही, एवढेच.

महाराष्ट्रात या विषयाचा पहिला मसुदा कोणी लिहिला असे मला विचाराल, तर मी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेईन. मुंबईच्या एका कापडगिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली होती. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अगदी साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर इजा झाली तर भरपाई. या पाच ओळींचा कायद्यातला प्रवास पाहा. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा विसावा १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आले. इजेच्या भरपाईला १९२३ साल उजाडावे लागले. पगाराची तारीख कायद्याने बांधली गेली ती १९३६ मध्ये, म्हणजे अर्जानंतर बावन्न वर्षांनी. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ मध्ये मुंबईतल्या प्लेगने त्यांना नेले.

त्यांचा रविवार आजही तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये आहे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ग्रॅच्युइटी काढताना कामगाराच्या शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागतात, १५ ने गुणतात आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणतात. समजा, शेवटचा पगार १८,२०० रुपये आणि सेवा ११ वर्षे. एका दिवसाचे ७०० रुपये, पंधरा दिवसांचे १०,५००, अकरा वर्षांचे १,१५,५००. महिना तीस दिवसांचा, मग भागाकार सव्वीसने का? कारण महिन्यातल्या चार साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस सव्वीस उरतात, आणि मासिक पगार हा त्या सव्वीस दिवसांच्या श्रमाचा मोबदला आहे. हा मुद्दा मालकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला, तिथे ते हरले, आणि पुढे हिशेबाची रीत कायद्यातच लिहिली गेली. आता एखाद्या कारकुनाने घाईत, किंवा वरून खूण झाली म्हणून, ३० ने भागले तर त्याच कामगाराला १,००,१०० रुपये मिळतील. पंधरा हजार चारशे रुपये कमी, तेही निवृत्तीच्या दिवशी, हार घालताना. कामगाराला बहुधा ते कळणार नाही. तुम्हाला कळले पाहिजे.

‘मला माणसांची आवड आहे म्हणून मी एचआर घेतले’ हे वाक्य प्रवेशाच्या मुलाखतीत हमखास ऐकू येते. आवड असावी. पण या क्षेत्रात माणसांविषयी बोलण्याचा अधिकार ज्याचा हिशेब चोख त्यालाच मिळतो, असे माझे ठाम मत आहे, आणि या पुस्तकाची बांधणी त्या मताने झाली आहे. प्रेरणा, नेतृत्व, संघभावना ही प्रकरणे आहेत. ती मागे आहेत. मस्टर, वेतन, कामाचे तास, अपघात, रजा आणि शिस्तभंगाची चौकशी पुढे आहेत.

आपला व्यवसाय कोणाच्या तरी कमाईवर टाच आणून जन्मला, हेही नव्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे. मुंबईच्या गिरण्यांत वर मॅनेजर, खाली रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला कामगार, आणि मध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. कामावर घ्यायचा तोच, काढायचा तोच, रजा द्यायचा तोच. गावाकडून आलेल्या पोराला खोलीत पथारीपुरती जागा, वाण्याकडे उधारी, अडीनडीला चार पैसे हेही त्याच्याच शब्दावर मिळत. त्याबद्दल तो दस्तुरी घेई. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांचा घोळका उभा राही आणि त्यातल्या कोणाला आज आत घ्यायचे हे जॉबरच्या मानेच्या हालचालीवर ठरे. त्याला खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे. पण भरती, निवास, कर्ज आणि जामीन एकाच माणसाकडे एकवटलेले असताना तोच तेव्हाचा एचआर विभाग होता हे मान्य करावे लागते. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की भरती जॉबरच्या हातून काढून घ्या, थेट मॅनेजरला जबाबदार असा लेबर ऑफिसर नेमा. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, पुढच्या वर्षी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, आणि जॉबरची मान हळूहळू कागदापुढे झुकू लागली.

हळूहळू हा शब्द जपून वापरला आहे. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल कुटुंबे आजही दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात ती मुकादमाच्या उचलीवरच. जिनिंगच्या हंगामात, बांधकामावर, रासायनिक कारखान्यांत कंत्राटी माणसे येतात ती ठेकेदाराच्या फोनवर. एचआर अधिकाऱ्याच्या संगणकावर दिसणारी नावे ही कारखान्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसांपैकी कधी निम्मीसुद्धा नसतात. शिरपूरच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी विषय शोधत पुण्याला जायची गरज नाही, एवढे यावरून दिसावे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर, कामगार कल्याण अधिकारी, नेमणे बंधनकारक केले. डॉक्टरला आणि वकिलाला समाजाने ओळखले, मग कायद्याने नोंदवले. आपल्या बाबतीत उलटे झाले. कायद्याने आधी खुर्ची ठेवली; तिच्यावर कोण बसणार याचा विचार मागाहून सुरू झाला. त्या खुर्चीच्या नियमांत दोन गोष्टी मोठ्या लक्षवेधी आहेत. पहिली अशी की बहुसंख्य कामगारांची भाषा या अधिकाऱ्याला आली पाहिजे. शिरपूरच्या आसपासच्या कारखान्यात याचा अर्थ काय होतो? प्रमाण मराठी पुरत नाही. रिंग फ्रेमवर धागा जोडणारी बाई अहिराणीत बोलते, बॉयलरपाशी सेंधव्याकडचा माणूस निमाडी वळणाची हिंदी बोलतो, आणि बोराडी-सांगवीकडून आलेला मुलगा पावरीत विचार करून मराठीत उत्तर देतो, तेही एका शब्दात. दुसरी गोष्ट अशी की या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत किंवा कोर्टात मालकाची बाजू घेऊन उभे राहू नये. पगार मालकाचा, काम कामगाराच्या हिताचे. प्रत्यक्षात हा नियम किती ठिकाणी पाळला गेला हे सांगायला संशोधकाची गरज नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘पर्सनल अँड वेल्फेअर’ असे एकत्र छापलेले असे, त्यातच उत्तर आले. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगालाही १९६९ च्या अहवालात या दुहेरी भूमिकेची दखल घ्यावी लागली. ही ओढाताण सुटलेली नाही, आणि मला वाटते ती सुटणारही नाही. ती आहे म्हणूनच या व्यवसायाला विचार करणारी माणसे लागतात.

ओढाताण नेहमी संप आणि घोषणांच्या रूपातच येते असे नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरू लागतात. ढोल निघतात आणि कारखान्यातली रातपाळी निम्मी होते. श्रावणात कानबाई बसते, तेव्हाही तसेच. पुण्याहून आलेला नवा अधिकारी पहिल्या वर्षी नोटिसा काढतो, दुसऱ्या वर्षी दंड करतो, तिसऱ्या वर्षी बदली मागतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट त्याने वाचलेली नसते. जमशेदजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली तेव्हा विदर्भातल्या कामगाराला रोज कामावर येण्याची सवय नव्हती. चार दिवस काम केले, पैसे हातात आले की तो घरी राही. टाटा आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी दंडावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी बक्षिसाचा दिवस ठरवला आणि घड्याळे, कापड, रोख रक्कम वाटली. पुढे निवृत्तिवेतनाची आणि भविष्यनिधीची सोय केली, त्यासाठीचे कायदे यायला अनेक दशके होती तेव्हा. यात परोपकार किती आणि व्यवहार किती याची चर्चा जरूर करा. या पुस्तकात तीही आहे. पण भोंगऱ्याची तारीख जानेवारीतच वार्षिक वेळापत्रकात घालून यंत्रांच्या देखभालीची बंदी त्याच आठवड्यात ठेवणारा अधिकारी मी जास्त शहाणा समजेन.

खानदेश म्हणजे केळी, कापूस आणि डाळ असे बाहेरचे समजतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा प्रदेश फार मोठी प्रयोगशाळा आहे. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदवलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप करणारी कंपनी. महंमद हाशम प्रेमजी तिचे संस्थापक. १९६६ मध्ये ते वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धे सोडून परतले. तिचीच पुढे विप्रो झाली. तेल गाळणारी माणसे सांभाळणे आणि संगणक अभियंते सांभाळणे ही दोन टोके एका कंपनीच्या इतिहासात सापडतात आणि त्यातले एक टोक तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. भुसावळला रेल्वेचा कार्मिक विभाग आहे. ज्येष्ठता यादी, अनुकंपा नियुक्ती, पास, सेवापुस्तक या गोष्टी तिथे जितक्या काटेकोर शिकता येतील तितक्या कोणत्याही बिझनेस स्कूलमध्ये शिकता येणार नाहीत. तिथून जवळच वरणगावचा आयुध कारखाना आणि दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. जळगावात जैन इरिगेशनसारखी मोठी कंपनी आणि तिच्याच शहरात दहा-वीस माणसांवर चालणारे डाळमिल आणि चटईचे कारखाने. नरडाण्याला एमआयडीसी. शिरपुरात प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी, कापड उद्योग, आणि शिक्षणसंस्थांचा मोठा पसारा: आर. सी. पटेल औषधनिर्माण महाविद्यालय १९९२ चे, अभियांत्रिकी २००१ चे, एनएमआयएमएसचा परिसर २००७ चा. महाविद्यालय हीदेखील आस्थापनाच असते, तिथेही परिवीक्षा, रजा, ग्रॅच्युइटी आणि तक्रार समिती लागते, हे तिथे हाच विषय शिकवणाऱ्यांच्याही कधी कधी लक्षात राहत नाही.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी शिरपूरजवळ वाघाडी इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण अशी घटना कुठेही घडली की पहिल्या तासात एकच प्रश्न विचारला जातो: आत कोण कोण होते? अग्निशमन दल विचारते, तहसीलदार विचारतो, दारात जमलेले नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर मस्टरमध्ये, गेटच्या नोंदवहीत आणि ठेकेदाराच्या यादीत असते, किंवा नसते. नाव चुकीचे असेल, पाळी बदलल्याची नोंद नसेल, ठेकेदाराने एकाच्या जागी दुसरा पाठवला असेल, तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तो तिथे होता हे आधी सिद्ध करावे लागते. भरपाईचा विचार त्यानंतर. हजेरीचे काम कंटाळवाणे वाटू लागेल तेव्हा हे आठवावे.

मधल्या काळात आपल्या क्षेत्राने वेश बदलले. कामगार संबंधांचा जोर होता तोवर लेबर ऑफिसर, मग पर्सनल मॅनेजर. १९७४-७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या आयआयएमचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले. त्यांच्या शिफारशींतून तिथे स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग उभा राहिला. माणसाला शिस्त लावण्यापेक्षा वाढवणे हे विभागाचे काम, ही कल्पना त्यानंतर भारतभर पसरली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईतले जुने जग संपवले, आणि पर्सनलवाल्यांची एक पिढी कामगारांबरोबरच रस्त्यावर आली. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. पुढची कहाणी सॉफ्टवेअर कंपन्यांची आहे, ती तुम्हाला ठाऊक असते, म्हणून इथे आटोपती घेतो.

शिकायचे कुठे? वाटा अनेक आहेत आणि त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. एमबीए ही आज सगळ्यांत रुळलेली वाट. पण कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी समाजकार्याची पदवी ही जुनी आणि कायद्याला मान्य असलेली वाट आहे. जळगाव, अमळनेर, चोपडा इथे समाजकार्य महाविद्यालये आहेत, आणि तिथली मुले वस्तीत आणि पाड्यांवर क्षेत्रकार्य करून आलेली असल्याने त्यांना माणसाशी बोलताना पहिले वाक्य सुचते. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याच नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. शासनाची, म्हणून शुल्क झेपणारे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची. नोकरी करत कामगार कायद्याची पदविका घेता येते, आणि माझ्या मते एमबीए झालेल्या प्रत्येकाने ती घ्यावी. अध्यापन-संशोधनाकडे जायचे असेल तर यूजीसी नेटमध्ये श्रम कल्याण, कार्मिक व्यवस्थापन, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन यांचा मिळून एक स्वतंत्र विषय आहे. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात या भागातल्या श्रमावर संशोधन करायला मोप जागा आहे. सालदारी, ऊसतोड, जिनिंग, केळीची भराई, यांतल्या एकेका विषयावर एकेक प्रबंध सहज उभा राहील.

इथे एक गोष्ट मुलींना उद्देशून. ‘कारखान्यात जायला नको, टेबलावरचे काम’ म्हणून घरचे हा विषय सुचवतात. तो सल्ला प्रेमाचा असला तरी घातक आहे. १९१३ मध्ये इंग्लंडात यॉर्क इथे या व्यवसायाची पहिली संघटना स्थापन झाली ती कारखान्यांत काम करणाऱ्या कल्याण सेविकांनी मिळून. त्यात बहुसंख्य बायका होत्या आणि त्या यंत्रांमध्ये हिंडत. तीच संघटना आज सीआयपीडी म्हणून जगभर ओळखली जाते. वाइंडिंग खात्यातल्या बाईला स्वच्छतागृहाची तक्रार पुरुष अधिकाऱ्याकडे करता येत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष स्त्रीच असते. केबिनमध्ये बसून राहिलेल्या अधिकारी बाईकडे ती तक्रार पोहोचतच नाही.

आता मान्यतेविषयी, कारण त्या प्रश्नाने नवे लोक फार लवकर अस्वस्थ होतात. व्यावसायिक संस्थांत भारतातली जुनी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सनल मॅनेजमेंट; कोलकात्याची आणि मुंबईची अशा दोन जुन्या संस्था १९८० मध्ये एकत्र येऊन ती झाली. नॅशनल एचआरडी नेटवर्क १९८५ चे. अमेरिकेतल्या एसएचआरएमची प्रमाणपत्रे बहुराष्ट्रीय कंपन्यांत चालतात. त्यांचे शुल्क डॉलरमध्ये असते आणि अभ्यासात अमेरिकी कायदा डोकावत राहतो, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. बंगळूर-हैदराबादेत जायचे असेल तर ही प्रमाणपत्रे दार उघडतात. पिथमपूर, अंकलेश्वर, सातपूर-अंबड किंवा चाकणला पहिली नोकरी धरणार असाल, आणि शिरपूरचे बहुतेक विद्यार्थी तिथेच धरतात, तर फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढे न अडखळता नोंदवह्या उघडणे याला जास्त भाव आहे. संस्थांचे सभासद जरूर व्हा. त्यांच्या मासिक बैठकांत शेजारच्या कारखान्याने बोनसचा प्रश्न कसा सोडवला हे चहाच्या कपावर कळते, आणि ते कोणत्याही पुस्तकात नसते. मात्र अलीकडे ‘सर्वोत्कृष्ट एचआर’ असे पुरस्कार हॉटेलांत वाटले जातात, ज्यांची नोंदणी फी आधी भरावी लागते. त्यांच्या ट्रॉफ्या वजनाला चांगल्या असतात.

खरी मान्यता फार बिनआवाजी रीतीने मिळते. युनियनचा सेक्रेटरी गेटसभेत तुमच्यावर टीका करतो आणि संध्याकाळी मुलाच्या दाखल्यासाठी तुमच्याकडेच येतो. मालक ठेकेदाराशी करार करण्यापूर्वी कागद तुमच्या टेबलावर पाठवतो. निवृत्त झालेला जॉबर पीएफच्या अर्जातली नावातली चूक दुरुस्त करायला तीन वर्षांनीही तुम्हाला शोधत येतो, तुम्ही दुसऱ्या कंपनीत गेला असलात तरी. आधारवर ‘भिका’, मस्टरवर ‘भिकन’ आणि बँकेत ‘भिकनराव’ अशी एकाच माणसाची तीन नावे घेऊन खेटे घालणाऱ्याचे काम करून देणे कोणत्याही मूल्यमापनाच्या फॉर्मवर बसत नाही. पण पंचवीस-तीस वर्षे या क्षेत्रात काढलेल्यांना विचारा: नाव कशामुळे झाले? बहुतेक जण असल्याच एखाद्या कामाची गोष्ट सांगतील.

तुम्ही अशा वेळी या क्षेत्रात येत आहात की थोरांनाही नव्याने अभ्यास करावा लागतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षितता या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. कल्याण अधिकाऱ्यासाठीची पाचशेची अट अडीचशेवर आली, म्हणजे तुमच्यासाठी खुर्च्या वाढल्या. स्थायी आदेशांची मर्यादा मात्र तीनशे कामगारांवर गेली, म्हणजे लहान कारखान्यातल्या कामगाराच्या हातातला एक लेखी आधार सुटला. हे मला पटलेले नाही. नेमणूकपत्र प्रत्येकाला देणे बंधनकारक झाले. नोकरी सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. जिथे ‘फुल अँड फायनल’ला दीड-दोन महिने लावण्याची रीत आहे तिथे या एका वाक्याने किती जणांची झोप उडाली असेल. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी. आणि वेतनाची व्याख्या अशी की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी हातचलाखी आता अवघड झाली. या संहितांवर नियम, परिपत्रके आणि निवाडे येत राहतील. वीस वर्षे अनुभवी अधिकारी आणि आज प्रवेश घेतलेला विद्यार्थी या बाबतीत जवळपास एकाच रेषेवर उभे आहेत. अशी संधी नेहमी येत नाही.

पुस्तक सलग वाचण्याची सक्ती नाही. नोकरीत असलेल्यांनी शिस्तभंगाच्या चौकशीचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. त्यात आरोपपत्राचे नमुने आहेत, चांगलेही आणि कोर्टात पडतील असेही. नव्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. ते वेतनाच्या व्याख्येवर आहे, रूक्ष आहे, आणि त्यातली उदाहरणे सोडवल्याशिवाय दुसरे प्रकरण कळणार नाही. घरात कोणी गिरणीत, जिनिंगवर किंवा कारखान्यात कामाला असेल तर त्यांची पगाराची पावती मागून घ्या, शेजारी ठेवा आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते शोधा. पावतीच मिळत नसेल, तर का मिळत नाही ते विचारा आणि आलेले उत्तर वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात ते लागेल.